जुन्या फटफटीचा जीर्णोद्धार

'जीर्णोद्धार' हा शब्द कानीं पडतांच आपल्या डोळ्यांपुढें पडक्या देवळाचें शिखर, ढांसळलेला नदीघाट किंवा कसरीनें खाल्लेली पोथी उभी राहते. पडवींत पंचवीस वर्षें गंजत पडलेल्या फटफटीला हा शब्द लावला, तर चोखंदळ वाचक आम्हांस हंसल्यावांचून राहणार नाहींत. परंतु 'उद्धार' म्हणजे वर काढणें; आणि जें जुनें झालें पण मेलें नाहीं, तें वर काढण्याचे नियम देवळाला एक व यंत्राला दुसरे असे निराळे नसतात, हें गेल्या वर्षीं आम्हांस अनुभवानें कळलें. तो अनुभव व त्याच्या अनुषंगानें मिळालेली थोडी उपयुक्त माहिती वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही गाडी आमच्या थोरल्या बंधूंची. ते पशुवैद्य होते. वाईच्या आसपासचीं खेडीं आणि पसरणीचा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या वाड्यावस्त्या, एवढा मुलूख त्यांच्याकडे असे. १९६९ सालीं त्यांनीं 'जावा' नांवाची २५० ची मोटरसायकल घेतली आणि पुढें तीस वर्षें आडलेली गाय, लाळ्या झालेला बैल, विंचवानें डसलेलें वासरूं यांच्या भेटीला ते तिच्यावरूनच जात राहिले. ज्या वाटेवर बैलगाडीचें चाक रुते त्या वाटेवरून ही गाडी पावसाळ्यांत जाई. त्यांच्या पश्चात् ती पडवींत गेली. भंगारवाला दारावर येऊन दोनदां वजन करूं पाहत होता. परंतु दर वर्षीं दसऱ्याला आमच्या वहिनी तिला झेंडूची माळ घालीत, आणि माळ घातलेली वस्तु कांट्यावर चढविण्याचें धैर्य घरांत कोणासच झालें नाहीं.

गेल्या दसऱ्यास आमचा नातू, म्हणजे बंधूंच्या मुलाचा मुलगा, सुटींत घरीं आला होता. तो यंत्रशास्त्राचा विद्यार्थी. माळ घालून झाल्यावर तो म्हणाला, "आबा, ही मी चालू करतों. पण मडगार्ड कापून टाकीन, सायलेन्सर वर उचलीन, जाड दांत्यांचे टायर बसवीन आणि डोंगरांत नेईन. चिखलांत धांवायच्या गाड्या अशाच असतात."

आम्हीं तत्काळ नकार दिला. जुनी वस्तु जशी होती तशीच पुन्हां उभी राहिली पाहिजे, कापाकापी चालणार नाहीं, असें आमचें म्हणणें. वहिनींनीं दोघांचेंही ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "भावोजी, आधीं ती जिवंत आहे कीं नाहीं तें पाहा. मग भांडा." आमच्या उद्योगाचा आरंभ हा असा झाला.

या गाडीचें कुळ पाहिलें, तर नातवाचा हट्ट अगदींच निराधार नव्हता. शस्त्रें बनविणारे झेक कारखानदार फ्रांटिशेक यानेचेक यांनीं १९२९ सालीं प्राग येथें 'वान्डरर' या जर्मन मोटरसायकलीचे हक्क घेऊन गाड्या बनविण्यास सुरुवात केली. स्वतःच्या नांवाचीं पहिलीं दोन अक्षरें व वान्डररचीं दोन अक्षरें जोडून 'जावा' हें नांव सिद्ध झालें. जावा बेटाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत त्या देशावर जर्मनांचा अंमल असतां तेथील तंत्रज्ञांनीं गुप्तपणें एका नव्या २५० च्या गाडीचा आराखडा तयार केला, आणि युद्ध संपतांच १९४६ सालीं ती जगापुढें आणिली. तिचीच पुढची पिढी १९५४ सालीं निघाली. म्हैसूर येथें १९६० सालीं 'आयडियल जावा' ही कंपनी स्थापन झाली व दुसऱ्या वर्षापासून तेथें ह्या गाड्या बनूं लागल्या. पुढें त्याच कारखान्याच्या गाड्यांस 'येझ्दी' हें नांव मिळालें. १९९६ सालीं तो कारखाना बंद पडला. २०१८ सालीं जावा आणि २०२२ सालीं येझ्दी हीं नांवें नव्या मालकांनीं पुन्हां बाजारांत आणिलीं, पण तीं यंत्रें अगदीं निराळीं.

आतां चिखलाची गोष्ट. खडकाळ, ओबडधोबड जमिनीवर मोटरसायकलींची शर्यत लावण्याचा खेळ इंग्लंडांत १९२४ सालीं कॅम्बर्ली येथें सुरू झाला असें मानितात. युरोपखंडांत तो 'मोटोक्रॉस' या नांवानें पसरला. या खेळांत झेक गाड्यांनीं मोठें नांव मिळविलें. १९५८ सालीं यारोमीर चिझेक यानें जावावरून २५० च्या वर्गांतील युरोपचें विजेतेपद मिळविलें. तर जावाची भगिनीसंस्था 'चेझेट' हिच्या गाडीवर बसून जोएल रॉबेर हा बेल्जियमचा तरुण १९६४ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, जगज्जेता झाला. सहा दिवस रानावनांतून धांवण्याची जी आंतरराष्ट्रीय कसोटी असे, तिची मुख्य ढाल झेक संघानें १९७० ते १९७४ अशीं ओळीनें पांच वर्षें जिंकिली. तात्पर्य, चिखल हा या कुळास परका नव्हे. आमचे बंधू मात्र कोणत्याही शर्यतींत नव्हते. त्यांची शर्यत असलीच तर आडलेल्या गाईच्या श्वासाशीं असे.

कामाची पहिली पायरी हात लावणें ही नव्हे, नोंद करणें ही होय. नातवानें प्रत्येक भागाचीं छायाचित्रें घेतलीं. आम्हीं शाळेच्या संवयीप्रमाणें वही आंखली. जो स्क्रू निघेल तो कागदाच्या पुडींत, आणि पुडीवर त्याचें ठिकाण. ही दक्षता न घेतल्यामुळें अनेक घरांतून अर्धवट उकललेल्या गाड्या पोत्यांत पडून राहतात. या गाडीचे आटे मिलिमीटरच्या मापाचे आहेत. जुन्या इंग्रजी गाड्यांचे इंची पाने त्यांस लावल्यास नटांचीं डोकीं गोल होतात, हेंही प्रथमच ध्यानांत ठेवावें.

इंजीन जाम झालें होतें. अशा वेळीं हातोडी घेण्याचा मोह होतो, तो आवरावा. आम्हीं प्लग काढून त्या भोकांतून रॉकेल व इंजीन-ऑइल समभाग मिसळून ओतलें आणि आठ दिवस वाट पाहिली. रोज सकाळीं गाडी चौथ्या गिअरांत घालून मागचें चाक हलकेंच पुढेंमागें करावयाचें. चौथा गिअर अशासाठीं, कीं त्यांत चाकाला लावलेला जोर इंजिनाला सर्वांत अधिक पोंचतो. नवव्या दिवशीं चाक बोटभर हललें. त्या बोटभर हालचालीनें आम्हां दोघांस जो आनंद झाला, तो पुष्कळदां शाळेचा निकाल शेंकडा शंभर लागूनही झाला नव्हता.

या इंजिनाची रचना थोडक्यांत सांगणें अवश्य आहे, कारण पुढील सर्व दुरुस्ती तीवर अवलंबून आहे. यास दोन आघातांचें, म्हणजे 'टू-स्ट्रोक' इंजीन म्हणतात. सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर, पिस्टनची धांव ७५ मिलिमीटर; हिशेब केला तर आंतील अवकाश सुमारें २४९ घन सेंटिमीटर भरतो. पेट्रोल व हवा यांचें मिश्रण आधीं पिस्टनच्या खालच्या बंद पेटींत येतें व तेथून वर ढकललें जातें. खालच्या दांड्यास व बेअरिंगांस वंगण देण्यासाठीं निराळी सोय नाहीं. पेट्रोलमध्येंच तेल मिसळावयाचें, व तें जातां जातां सर्वांस माखीत जातें. जुन्या गाडीस वीस भाग पेट्रोलला एक भाग तेल, म्हणजे पांच लिटरना पाव लिटर, असें प्रमाण असे.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही, कीं खालच्या पेटीचीं रबरी सीलें वाळून चिरलीं, तर तेथून हवा आंत शिरते, मिश्रण पातळ होतें, इंजीन अतोनात तापतें आणि पिस्टन सिलिंडरास चिकटतो. म्हणून गाडी नुसती चालू झाली म्हणजे बरी झाली असें न समजतां सीलें बदललींच पाहिजेत. दुसरी गोष्ट घाटांतली. लांब उतारावर मूठ बंद करून गाडी गिअरमध्येंच सोडली, तर पेट्रोल जवळजवळ बंद होतें आणि त्याबरोबर वंगणही. चाकें मात्र पिस्टनला फिरवीतच राहतात. अशा कोरड्या धांवण्यानें सिलिंडरवर उभे ओरखडे पडतात.

तीस वर्षें पसरणीचा घाट उतरलेल्या या गाडीचा सिलिंडर उघडतांना आम्ही म्हणूनच मनाची तयारी करून बसलों होतों. परंतु आंतील भिंत जवळजवळ निष्कलंक निघाली. गंजाचा एक पट्टा होता, तो घासून काढण्याजोगा होता, ओरखडे नव्हते. नातवानें दिवा धरून दोनदां पाहिलें. "हें कसें शक्य आहे, आबा?" आम्हांस उत्तर देतां येईना.

टाकीच्या आंतला गंज काढण्यास आम्हीं काकवी वापरली. एक भाग काकवी व नऊ भाग पाणी हें मिश्रण टाकींत भरून पंधरा दिवस ठेवलें, कीं तें गंज विरघळवितें व शाबूत लोखंडास फारसा धक्का लावीत नाहीं. मुंग्यांचा उपद्रव व आंबूस वास यांची तयारी मात्र हवी. नंतर टाकी पाण्यानें खळबळून, तत्काळ वाळवून, आंतून तेलाचा हात फिरवावा. नाहींतर दुसऱ्या दिवशीं पुन्हां तांबूस झांक येते. येथें आमच्या हातून एक चूक झाली, ती वाचकांच्या हातून होऊं नये. उरलेल्या काकवींत आम्हीं कार्बोरेटरची टोपी बुडविली. ती हलक्या ओतीव धातूची. काकवीचें आम्ल लोखंडाशीं जितकें सौम्य, तितकेंच अशा धातूशीं कठोर. आठ दिवसांनीं ती देवीच्या व्रणांसारखी खड्ड्याखड्ड्यांची होऊन निघाली. पुण्याच्या जुन्या बाजारांत दोन रविवार खर्ची घातले, तेव्हां तिची जोडीदार मिळाली.

आणखी दोन सूचना. त्या काळच्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुंकून उडवूं नये, ती फुप्फुसांस घातक आहे. ओल्या फडक्यानें टिपून फडकें बंद पिशवींत टाकावें. तसेंच आतां पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें हवेंतील पाणी ओढून घेतें व जुन्या रबरी नळ्यांस फुगवितें. म्हणून नळ्या नव्या जातीच्या घालाव्या आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी.

अशा रीतीनें पौष उजाडला. सांगाडा धुऊन पुसून झाला, आणि आमच्या वादास पुन्हां तोंड फुटलें. पण या खेपेस अनपेक्षित दिशेनें.

मागच्या मडगार्डावर लोखंडी पट्ट्यांचा एक ओबडधोबड सांगाडा होता. बंधूंची औषधांची पेटी त्यांत बसे. तो गांवच्या लोहारानें ठोकून दिलेला. कारखान्याशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. नातू तो हातांत धरून शांतपणें म्हणाला, "आबा, गाडी कारखान्यांतून निघाली तशीच हवी ना? मग हा काढून टाकूं?"

आम्ही निरुत्तर झालों. आमच्याच प्रमाणानें तो सांगाडा टाकाऊ होता, आणि आमचा हात तो टाकण्यास उठत नव्हता. आम्हांस ज्यांतलें थोडें कळतें त्या क्षेत्राकडे आमचें मन अशा वेळीं वळतें. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं महाभारताची चिकित्सित आवृत्ति हातीं घेतली आणि ती १९६६ सालीं पुरी झाली. डॉ. सुकथनकर व त्यांच्या मागून आलेले संपादक यांच्यापुढें हाच प्रश्न होता. शेंकडों हस्तलिखितांतून मूळ संहिता शोधावयाची. मग मागाहून शिरलेल्या श्लोकांचें काय? ते त्यांनीं मुख्य संहितेंत ठेवले नाहींत हें खरें. पण फेंकूनही दिले नाहींत. तळटीपांत व परिशिष्टांत ते सारे जसेच्या तसे छापले. ज्यांस मूळ हवें त्यांस मूळ मिळावें, आणि ज्यांच्या घरीं पिढ्यान् पिढ्या तो प्रक्षेपच म्हटला गेला त्यांचीही वस्तु नष्ट होऊं नये.

लोहाराचा सांगाडा हा आमच्या पोथींतला प्रक्षेप होता, आणि घरच्या माणसांस गाडीचा तेवढाच भाग खरा ओळखीचा होता. आम्हीं तो उलटून पाहिला. तो चार बोल्टांवर बसविलेला होता; मूळ पत्र्यास कोठेंही कापलें किंवा डाग दिला नव्हता. त्या निरक्षर कारागिरानें आपलें काम असें केलें होतें, कीं पुढच्या माणसास तें काढतां यावें. आमच्या वादाचा निकाल त्या चार बोल्टांनीं लावला. नियम असा ठरला : पुढच्या हाताला जें पूर्ववत् करतां येईल तें करावें; जें पूर्ववत् करतां येणार नाहीं त्यास हात लावूं नये. म्हणून सांगाडा राहिला. मडगार्ड कापलीं नाहींत. सायलेन्सर जागचे हलले नाहींत. परंतु त्याच चाकांवर जाड दांत्यांचे टायर घालावयास आम्हीं आनंदानें संमति दिली, कारण टायर बदलतां येतात. टाकीचा रंगही, जेथें जेथें तो शाबूत होता तेथें, आम्हीं नव्यानें दिला नाहीं. नुसता पुसून चकचकीत केला.

हा नियम व्यवहारासही सोयीचा ठरला. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठीं स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. मूळ स्वरूपांत राखलेल्या, म्हणजे सांगाडा, बाह्य अंग व इंजीन यांत मोठा फेरफार न केलेल्या गाडीसच तो मान मिळतो. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क असून ती दहा वर्षें टिकते. नूतनीकरणास ५,००० रुपये लागतात. अशी गाडी रोजच्या वापरास नेतां येत नाहीं. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन व दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणतां येते. ज्यांनीं उत्साहाच्या भरांत मडगार्ड कापलीं, त्यांना पुढें हा दरवाजा बंद होण्याचा संभव आहे. मूळ मालक दिवंगत असल्यास वारसाच्या नांवें कागदपत्र आधीं करून घ्यावे. लोखंडापेक्षां कागदाचा गंज काढण्यास अधिक वेळ लागतो.

वैशाखांत, अक्षय्य तृतीयेच्या सकाळीं, गाडी अंगणांत आणिली. जावाची एक गंमत अशी, कीं गिअरचा दांडा आणि किक एकच; दांडा आंत दाबून वर फिरविला कीं त्याचीच किक होते. पहिल्या दहा किकांस कांहींच झालें नाहीं. नातवाचा चेहरा उतरला. पॉइंट पुन्हां घासले, फट ०.४ मिलिमीटर आहे कीं नाहीं तें पातळ पट्टीनें पाहिलें, प्लग पुसला. अकराव्या किकेला एक ठिणगी बोलली. तेराव्याला दोन्ही सायलेन्सरांतून निळा धूर निघाला आणि अंगणांतल्या चिमण्या एकदम उडाल्या. ज्यांनीं तो आवाज पूर्वी ऐकला आहे त्यांस वर्णनाची जरूर नाहीं. ज्यांनीं ऐकला नाहीं त्यांनीं एवढेंच ध्यानांत घ्यावें, कीं 'फटफटी' हा शब्द उगीच पडलेला नाहीं.

वहिनी ओसरीवर उभ्या होत्या. आम्हांस वाटलें, त्यांच्या डोळ्यांस पाणी येईल. तसें झालें नाहीं. त्यांनीं थोडा वेळ कान देऊन ऐकलें आणि म्हणाल्या, "आवाज तोच आहे. पण दारांत हा आवाज मला कधीं ऐकूं येत नसे."

"म्हणजे?" नातवानें विचारलें.

"घाट उतरतांना ते इंजीन बंदच करीत. गाडी मोकळी सोडून खालीं येत, आणि तशाच आवाजावांचून घरापर्यंत. मी म्हणे, पेट्रोल वांचवितां होय? तर म्हणत, नाहीं गं, उतारावर तिला तेल मिळत नाहीं, उगीच जीव कोरडा पडतो तिचा. म्हणून मला कळायचेंच नाहीं. वळून पाहावें, तर दारांत उभे."

नातवानें आमच्याकडे पाहिलें. निष्कलंक सिलिंडराचें उत्तर मिळालें होतें. (इंजीन बंद करून घाट उतरणें आजच्या वाहतुकींत मुळींच अनुकरणीय नाहीं, सारा भार ब्रेकवर येतो. क्लच दाबून इंजीन मंद चालूं द्यावें, किंवा मधून मधून मूठ उघडून तेल पोंचवावें.) पंचवीस वर्षांपूर्वीं गेलेल्या मनुष्याची एक संवय लोखंडाच्या आंतल्या भिंतीवर आम्हांस वाचावयास मिळाली. सिलिंडर उघडण्याऐवजीं आम्हीं तो उतावळेपणानें नवा आणून बसविला असता, तर ती ओळ कायमचीच पुसली जाती.

नातू आतां सुटींत आला म्हणजे गाडी डोंगराच्या पायथ्यापर्यंत नेतो. परवां तो परतला, तेव्हां टायरांच्या दांत्यांत लाल माती भरली होती आणि मागच्या सांगाड्यांत औषधाच्या पेटीच्या जागीं करवंदांची पाटी होती. आम्ही ओसरीवर वाचीत बसलों होतों. गाडी केव्हां दारांत येऊन उभी राहिली, तें आम्हांस कळलें नाहीं. आम्हीं त्यास ब्रेकविषयीं चार शब्द सुनावलेच. परंतु वहिनी मात्र कांहीं न बोलतां पाटी उचलून आंत गेल्या.